ओसरी, दालन आणि कमान : मिशनशाळांच्या वास्तुरचनेचा एक विचार

लासूर स्टेशन सोडून गाडी मनमाडच्या दिशेने निघाली म्हणजे रुळांच्या दोहों बाजूंस गावोगावच्या शाळा दिसू लागतात. एका ओळीत तीन-चार खोल्या, त्यांच्यापुढे खांबांवर तोललेला व्हरांडा, वर पत्रा किंवा सिमेंटचा स्लॅब, समोर झेंड्याचा कट्टा. हा आराखडा आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्यास आराखडा म्हणावे असेही कोणाच्या मनात येत नाही. परंतु शाळेस स्वतःची म्हणून एक इमारत असावी ही कल्पनाच आपल्याकडे फारशी जुनी नव्हे. पंतोजींची शाळा देवळात भरे, चावडीत भरे, एखाद्या सावकाराच्या ओसरीवर भरे. तिला जागा असे, घर नसे. केवळ शिकविण्यासाठी बांधलेले घर महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकात आले, आणि ते ज्या मार्गांनी आले त्यांतील एक प्रमुख मार्ग ख्रिस्ती धर्मसंस्थांच्या शाळांचा होय.

या विषयावर आपल्याकडे जे प्रबंध व लेख लिहिले जातात त्यांत दोन विधाने हमखास आढळतात. पहिले असे की, मिशनशाळेची इमारत म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळातील इंग्लंडमधून जशीच्या तशी उचलून आणलेली गॉथिक वास्तू. दुसरे असे की, तिला येथे व्हरांडा जोडला गेला आणि त्यायोगे ती देशी झाली. पहिल्या विधानात निषेधाचा सूर असतो, दुसऱ्यात समाधानाचा. माझ्या मते दोन्ही अर्धसत्य आहेत. पहिल्यात आराखडा आणि दर्शनी भाग यांची गल्लत झाली आहे. दुसऱ्यात हवामान आणि समाज यांची. ही गल्लत कशी झाली हे पाहणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम आराखड्याचा विचार करू. व्हिक्टोरियन धर्मशाळेचे, म्हणजे चर्चच्या आश्रयाने चालणाऱ्या गरिबांच्या शाळेचे, मूळ रूप एकच मोठे दालन हे होते. एका दालनात शेकडो मुले आणि त्यांवर एकच शिक्षक. हे शक्य झाले ते मुलांकडूनच मुलांस शिकविण्याच्या पद्धतीमुळे. या पद्धतीस इंग्लंडमध्ये ‘मद्रास पद्धती’ असेच नाव पडले, आणि त्याचे कारण सर्वश्रुत आहे. स्कॉटिश धर्मोपदेशक अँड्र्यू बेल १७८९ पासून मद्रासजवळील एग्मोर येथील सैनिकांच्या अनाथ मुलांच्या आश्रमाचा अधीक्षक होता. मलबारी शाळेतील मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरवीत आहेत असे त्याने एके दिवशी पाहिले आणि तीच रीत आपल्या आश्रमात सुरू करावयाचे ठरविले. हाताखालच्या शिक्षकांनी टाळाटाळ केली, तेव्हा त्याने जॉन फ्रिस्किन नावाच्या आठ वर्षांच्या मुलाकडे तो वर्ग सोपविला. १७९७ मध्ये त्याने या प्रयोगाची हकीकत लंडनमध्ये छापली. १८११ मध्ये इंग्लंडच्या प्रस्थापित चर्चने गरिबांच्या शिक्षणासाठी ‘नॅशनल सोसायटी’ स्थापन केली आणि बेलची पद्धती आपली म्हणून स्वीकारली.

धर्मपाल यांनी ‘द ब्यूटिफुल ट्री’ (१९८३) या ग्रंथात असे प्रतिपादिले की, इंग्लंडमधील लोकशिक्षणाची ही पद्धती मूळची हिंदुस्थानी होय. या प्रतिपादनाचे आपल्याकडे उत्साहाने स्वागत झाले; ते स्वाभाविकही होते. तथापि बेलच्या स्वतःच्या कथनाची मर्यादा येथे ध्यानात घ्यावयास हवी. वाळूवरील लेखन त्याने पाहून घेतले, हे तो स्वतःच सांगतो. मुलाने मुलास शिकवावे ही युक्ती मात्र आपणांस अडचणीतून सुचली असे त्याचे म्हणणे. ते खरे मानावे की नाही? ज्या गावशाळांतून त्याने धूळपाटी घेतली त्याच शाळांतून वडील मुले धाकट्यांस पाठ देत असत. ते त्याच्या दृष्टीस पडले नसेल असे मानणे कठीण आहे. पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी १६२३ साली इक्केरीच्या राज्यात असताना त्याने चार मुले गुरूवाचून, एकमेकांस सांगत, सुरावर उजळणी म्हणत आणि जमिनीवर पसरलेल्या वाळूत बोटाने आकडे काढीत अंकगणित शिकताना पाहिली. धर्मपालांचा पक्ष त्यामुळे बळकट होतो, सिद्ध मात्र होत नाही. माझे लक्ष मात्र देल्ला व्हाल्लेच्या आणखी एका शब्दाकडे जाते. ही मुले देवळाच्या ओसरीत बसली होती. त्या ओसरीकडे आपणांस पुन्हा यावयाचे आहे.

इंग्लंडमध्ये ही ओसरी दालन झाली. बेलच्या पद्धतीत दालनाचा मधला भाग मोकळा असे. तेथे मुलांचे वर्ग चौकोन करून उभे राहत आणि लिहिण्याची मेजे भिंतींना लागून असत. क्वेकर पंथाच्या जोसेफ लँकेस्टरची पद्धतीही मुलांकरवीच शिकविण्याची. पण त्याच्या दालनात बाकांच्या रांगा एकाच दिशेस, शिक्षकाच्या उंच ओट्याकडे तोंड करून मांडलेल्या असत. दोघांत श्रेय कोणाचे यावर पुष्कळ भांडण झाले. वास्तुदृष्ट्या पाहिले तर तो भेद अगदी मूलगामी आहे. एका दालनात मुले एकमेकांकडे पाहतात, दुसऱ्यात सर्व मिळून एकाकडे पाहतात. आज आपल्या प्रत्येक वर्गात दिसते ती लँकेस्टरची मांडणी. बेलची केव्हाच लुप्त झाली. विजय कोणाचा झाला हे सांगण्यास यापेक्षा अधिक पुरावा नको.

दोन्ही दालनांचे कारण मात्र एकच होते, आणि ते म्हणजे काटकसर. शिक्षकाचा पगार वाचवावा म्हणून दालन मोठे झाले. १८३३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने शाळांसाठी पहिल्यांदा २०,००० पौंड मंजूर केले तेही केवळ इमारतींसाठी, आणि खर्चाचा अर्धा भाग लोकवर्गणीतून उभारला गेला असेल तरच. म्हणजे सरकारने प्रथम जे विकत घेतले ते शिक्षण नव्हे, भिंती होत. १८३९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलची शिक्षणसमिती नेमली गेली. तिचा चिटणीस जेम्स के-शटलवर्थ याच्या देखरेखीखाली १८४० मध्ये शाळागृहांचे नमुनेदार आराखडे प्रसिद्ध झाले. १८४१ च्या कायद्याने जमीनदारांस शाळेसाठी एक एकरापर्यंत जमीन देणे सुलभ झाले. पुढे १८४६ मध्ये पगारी शिकाऊ शिक्षकांची पद्धती आली तेव्हा दालनाचे स्वरूप पालटू लागले: प्रथम पडद्यांनी आणि नंतर भिंतींनी ते विभागले गेले, आणि आज आपण ज्यास ‘वर्ग’ म्हणतो ती खोली हळूहळू जन्मास आली. येथवर कोठेही टोकदार कमान आलेली नाही, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

कमान आली ती वेगळ्या वाटेने. प्यूजिनचे ‘कॉन्ट्रास्ट्स’ हे पुस्तक १८३६ चे. केंब्रिज कॅम्डन सोसायटीची स्थापना १८३९ ची, आणि तिचे ‘एक्लीझिऑलॉजिस्ट’ हे नियतकालिक १८४१ पासूनचे. मध्ययुगीन गॉथिक हीच खरी ख्रिस्ती वास्तुकला, असा या मंडळींचा आग्रह होता. चर्च गॉथिक, तर चर्चच्या आवारातील शाळाही गॉथिक, हे त्यापुढे क्रमप्राप्तच होते. विल्यम बटरफील्डने यॉर्कशरमधील बाल्डर्सबी सेंट जेम्स येथे चर्च, पाळकाचे घर, शाळा आणि मजुरांच्या झोपड्या असा एक संपूर्ण समूह १८५० च्या दशकात रचला. जॉर्ज एडमंड स्ट्रीटने मेडनहेडजवळ बॉइन हिल येथे त्याच सुमारास चर्च, पाळकाचे घर व शाळा एका चौकाभोवती बांधल्या. हे दोन समूह मला या संपूर्ण चळवळीतील सर्वोत्तम वाटतात. याचे कारण त्यांतील कमानींची सुबकता हे नव्हे. शाळा हे चर्चचे छोटे पिल्लू न राहता त्याचे शेजारघर कसे होऊ शकते, हे तेथे दिसते. उंच उतरते छप्पर, साध्या विटा, चर्चपेक्षा बुटके पण दारिद्र्याची जाणीव करून न देणारे प्रवेशद्वार. खेड्यातील मजुराच्या मुलाने स्वतःच्या घरी इतके उंच छप्पर कधी पाहिलेले नसे.

दोषही त्याच ठिकाणी होते. उंच आढ्याचे दालन हिवाळ्यात तापत नसे. अरुंद, टोकदार खिडक्यांतून आणि त्यांतील दगडी नक्षीतून प्रकाश कमी येई. १८७० च्या शिक्षण कायद्यानंतर लंडनच्या स्कूल बोर्डाचा वास्तुविशारद ई. आर. रॉब्सन याने ‘स्कूल आर्किटेक्चर’ (१८७४) या आपल्या ग्रंथात या दोषांवर नेमके बोट ठेवले आणि लोकनियुक्त मंडळाच्या शाळेने चर्चचा वेष घेण्याचे कारण नाही असा निर्णय दिला. त्याच्या शाळा उंच, रुंद खिडक्यांच्या आणि लाल विटांच्या झाल्या. त्या काळी सरकारी अनुदानासाठी दर मुलामागे किमान ८ चौरस फूट जमीन व ८० घनफूट हवा पुरे समजली जाई. हा आकडा वाचला म्हणजे रॉब्सनची तळमळ समजते. प्रकाशाविषयी त्याचे म्हणणे संपूर्णपणे ग्राह्य आहे. तथापि गरिबाच्या मुलास सुंदर छपराखाली बसविण्यात जो मान होता त्याचे मोल त्याच्या हिशेबात फारसे नाही. हिशेबी टीकेची ही उणीव आपल्याकडील शालेय इमारतींविषयीच्या लेखनातही आढळते.

आता महाराष्ट्राकडे वळू. येथे कालक्रम फार महत्त्वाचा आहे. मुंबई इलाख्यात गरिबांच्या शिक्षणासाठी आर्चडीकन जॉर्ज बार्न्स यांच्या पुढाकाराने जी संस्था निघाली ती १८१५ ची. लंडनच्या नॅशनल सोसायटीनंतर अवघ्या चार वर्षांनी, जवळजवळ त्याच नावाने व बेलच्याच पद्धतीने. भायखळ्यास तिच्या शाळा बहरल्या. याच संस्थेच्या एतद्देशीय शाळांसाठी नेमलेल्या समितीतून १८२२ साली स्वतंत्र शाळापुस्तक मंडळी उभी राहिली, आणि त्या मंडळीचे चिटणीसपद प्रथम सदाशिव काशीनाथ उर्फ बापू छत्रे यांनी व नंतर बाळशास्त्री जांभेकर यांनी सांभाळले. म्हणजे बेल-लँकेस्टरची दालनपद्धती मुंबईत गॉथिक कमानीच्या कितीतरी आधी आली होती. ज्या वाळूवरून ती निघाली तेथेच ती इंग्रजी शिस्त लेवून परतली. (बार्न्स यांच्या संस्थेचा पुढचा प्रवासही पाहण्याजोगा आहे. तिची शाळा १९२५ मध्ये देवळाली येथे नव्या प्रशस्त आवारात गेली. लासूरहून मनमाडमार्गे जाणाऱ्यास ती फार दूर नाही.)

कमानीचा प्रवास निराळा. उष्ण देशांत गॉथिक कसे बांधावे यावर बेंजामिन वेब याने १८४५ मध्येच एक निबंध वाचला होता: जाड भिंती, लहान खिडक्या, आत गारवा. कुलाब्याचे अफगाण चर्च हेन्री कॉनीबेअर याच्या आराखड्याप्रमाणे उभे राहून १८५८ मध्ये त्याचा अभिषेक झाला, आणि त्याच्या अंतर्भागाच्या सजावटीत बाल्डर्सबीच्या त्याच बटरफील्डचा हात होता. विल्यम बर्जेस याने सर ज. जी. कलाशाळेसाठी १८६६ च्या सुमारास केलेला गॉथिक आराखडा कागदावरच राहिला. त्याचा शिष्य विल्यम इमर्सन मात्र मुंबईत येऊन राहिला. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट याने हिंदुस्थान न पाहताच मुंबई विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई मनोऱ्यासह ग्रंथालय रेखाटले. दोन्ही कामे १८७८ पर्यंत पुरी झाली. जॉन विल्सन यांच्या १८३२ च्या शाळेतून वाढलेल्या विल्सन महाविद्यालयाची चौपाटीवरील इमारत जॉन ॲडम्स याने बांधली; ती १८८९ ची. पुण्यात पंचहौद मिशनचे पवित्र नाम देवालय १८८५ चे. एवढ्या तारखा एकापुढे एक मांडल्या की उघड दिसते ते हे, की आराखडा आणि कमान हे दोन वेगळे पाहुणे दोन वेगळ्या काळी आले, आणि त्यांची येथे गाठ पडली. ‘जशीच्या तशी उचलून आणलेली वास्तू’ हे विधान त्यामुळे टिकत नाही.

विल्सन महाविद्यालयाविषयी एक शब्द. तिचे गॉथिक चर्चचे नव्हे, घरगुती आहे. समुद्राकडे पाहणाऱ्या त्या दर्शनी भागात धर्मोपदेशाचा आव नाही. प्रेस्बिटेरियन स्कॉटिश मिशनला ते शोभतेही. त्याउलट विद्यापीठाच्या सभागृहापुढे उभे राहिले की आपण ज्ञानमंदिरात नव्हे, मंदिरातच जात आहोत असे वाटते. स्कॉटची कुशलता निर्विवाद आहे. पण मी विद्यार्थी असतो तर विल्सनच्या दारातून अधिक सहजपणे आत गेलो असतो.

मराठवाड्यात हा कमानीचा प्रवाह फारसा पोचला नाही. निजामाच्या राज्यात मिशनांची केंद्रे विरळ होती. त्यांत जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी वसविलेले बेथेल हे गाव विशेष उल्लेखनीय. चर्च, शाळा आणि वस्ती एकत्र वसविण्याची तीच कल्पना. पण तेथे ती इंग्लिश जमीनदाराच्या दानावर उभी नसून एका मराठी धर्मांतरित ब्राह्मणाच्या कर्तृत्वावर उभी होती. हेच ते शेषाद्री, ज्यांच्या धाकट्या भावास, श्रीपतीस, १८४३ मध्ये मिशनच्या घरी राहिल्याबद्दल जातीबाहेर जाण्याची पाळी आली आणि त्याला परत घेण्यासाठी बाळशास्त्र्यांनी आपली प्रतिष्ठा पणास लावली. मिशनच्या इमारतीचा उंबरठा ओलांडणे ही आपल्याकडे वास्तुशास्त्राबाहेरची घटना होती. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा पुढे आला आणि त्यावरून टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य उभे राहिले. वास्तूच्या समीक्षेत कमानीची उंची मोजली जाते, उंबरठ्याची मोजली जात नाही. वस्तुतः येथे उंबरठाच अधिक उंच होता.

आणि आता ओसरी. मिशनशाळेस व्हरांडा जोडला म्हणून ती देशी झाली, हे दुसरे विधान. हवामानापुरते ते बरोबर आहे. इंग्लिश धर्मशाळेस व्हरांडा नव्हता. मुलग्यांचे दार वेगळे, मुलींचे वेगळे, शिशुवर्गाचे वेगळे, पण सर्व दारे सरळ आत नेत. आपल्याकडे व्हरांड्याने ऊन-पाऊस अडविला, चपला ठेवण्यास जागा दिली, एका वर्गास बाहेर बसण्याची सोय केली. परंतु बाहेर कोण बसले? १८५६ मध्ये धारवाड येथील एका महार मुलास सरकारी शाळेत प्रवेश नाकारला गेला, आणि त्याच्या अर्जावर मुंबई सरकारनेही माघार घेतली. पुढे दारे कायद्याने उघडली तरी कितीतरी शाळांत अस्पृश्य मुलांची जागा व्हरांड्यात किंवा दाराशी राहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस साताऱ्याच्या शाळेत स्वतःच्या घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. वास्तुसमीक्षक ज्यास ‘आत आणि बाहेर यांमधील रम्य संक्रमण’ म्हणतो ते स्थान कित्येक मुलांच्या आयुष्यात आत न येऊ देण्याचे साधन होते. देल्ला व्हाल्लेने पाहिलेल्या देवळाच्या ओसरीतही गावातील सर्वच मुले बसू शकत होती असे समजण्याचे कारण नाही. धर्मपालांच्या सुंदर वृक्षाखाली सावली होती. ती सर्वांवर पडत होती काय, हा प्रश्न त्या ग्रंथाच्या वाचकाने विचारलाच पाहिजे.

याचा अर्थ मिशनशाळेचे दालन समतेचे होते असा घेऊ नये. अस्पृश्य मुलास आत घेतले की वरिष्ठ जातींची मुले शाळा सोडून जात. तेव्हा काही मिशनऱ्यांनी ठाम राहणे पसंत केले, काहींनी वेगळ्या शाळा काढून वाद मिटविला. तथापि व्हरांडा नसलेल्या एकाच दालनाच्या आराखड्यात एक गोष्ट अपरिहार्य होती. आत घेतलेले मूल आतच बसे. जोतीराव फुले १८४१ ते १८४७ पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) मिस फरार यांची मुलींची शाळा पाहून त्यांना स्वतःच्या कार्याची प्रेरणा मिळाली. आणि त्यांनी व सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली ती कोठे? ना दालनात, ना कमानीखाली. बुधवार पेठेतील भिड्यांच्या वाड्यात. आधुनिक महाराष्ट्राच्या शिक्षणातील सर्वांत महत्त्वाचे शाळागृह शाळा म्हणून कोणीही रेखाटलेले नव्हते. वास्तुशैलीच्या इतिहासात त्यास स्थान देता येत नसेल तर दोष त्या इतिहासाच्या कसोटीत आहे. राष्ट्रीय स्मारकासाठी तो वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आला. त्यामुळे त्याच्या खोल्यांची मापे, दारे आणि जिन्याची जागा यांबद्दल आता कागदावरच विसंबावे लागेल.

म्हणून या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांस एक विनंती. गंगापूर, वैजापूर, जालना, अहिल्यानगर, नाशिक या भागांतील जुन्या मिशनशाळा व लोकल बोर्डाच्या शाळा पाहावयास जाताना केवळ दर्शनी भागाचे छायाचित्र घेऊन परतू नये. मोजपट्टी न्यावी. दालनाची लांबी-रुंदी, खिडकीच्या तळाची जमिनीपासून उंची, दारांची संख्या, व्हरांड्याची रुंदी, फळ्याची बाजू, आणि नंतर घातलेली भिंत असेल तर तिची जागा टिपावी. आणि गावातील एखाद्या वृद्ध गृहस्थास किंवा आजींस त्या व्हरांड्यात उभे करून, आपण कोठे बसत होता, हे विचारावे.